पाच जणांचे शेकहँड

गणिताचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो. नाहीतर रात्रीच्या वेळी ही गोष्ट मी सहसा काढत नाही. आपल्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या दगडोबाची कोमल तुम्हाला माहीत आहे. हे तिनं स्वतः माझ्यासमोर बसून सांगितलं, आणि ती पोरगी एक शब्द वाढवून बोलणारी नाही.

दोन हजार चोवीस साल. मे महिन्याची अकरा तारीख, शनिवार. आदल्या दिवशी अक्षय्य तृतीया झालेली. रविवारी सकाळी नांदेडला कोमलची परीक्षा होती. बारावीनंतर नुसतं गणित शिकायला एका मोठ्या संस्थेत जायचं, त्याची प्रवेश परीक्षा. हिच्या वर्गातली सगळी पोरं डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेच्या मागं, आणि ही एकटी ह्या वाटेला लागलेली. क्लास नाही, काही नाही. घरात हळद शिजवायची धांदल, माणसांचा राबता, आणि ही वर्षभर पत्र्याच्या खोलीत जुने पेपर सोडवत बसलेली. वर्षातून एकदाच होते ती परीक्षा. चुकली की गेली.

बेत साधा होता. शनिवारी संध्याकाळी निघायचं, हिंगोलीला आत्याकडं, निर्मलाबाईकडं झोपायचं आणि पहाटेच्या गाडीनं नांदेड गाठायचं. पण लग्नसराईचे दिवस. शेषरावची काळीपिवळी जीप वऱ्हाड सोडून परत यायलाच साडेनऊ झाले. निघाले तेव्हा गाडीत पाच माणसं. शेषराव, दगडोबा, कोमल, लेक बाळंत झाली म्हणून दवाखान्यात निघालेल्या पार्वतीबाई आणि बाजारात बांगड्या विकून घरी परतणारा हिंगोलीचा हरिचंद. पाच. जास्त नाही, कमी नाही.

अकराच्या सुमाराला गाडीचं पाणी तापलं. बॉनेटमधून वाफ यायला लागली. एका मोरीच्या, म्हणजे लहान पुलाच्या, अलीकडं शेषरावनं गाडी बाजूला घेतली.

"अर्धा तास थंड होऊ द्या," तो म्हणाला. "मग पाणी टाकतो. बॅटरी बी कमजोर हाय, लाईट बंद करतो."

लाईट गेले आणि काहीच दिसेना. चवथीची कोर नुकतीच मावळली होती. दोन्ही बाजूला नांगरून पडलेली रानं. गाव नाही, आखाड्यावरची झोपडी नाही, कुत्रं नाही. सगळे खाली उतरून रस्त्यावर उभे राहिले. सावल्या कळत होत्या, तोंडं कळत नव्हती. कोमलनं टॉर्च लावला तसा दगडोबा म्हणाला, "बंद कर बाई. पहाटचा गजर त्याच मोबाईलवर हाय."

पोरगी रस्त्यावर येरझाऱ्या घालत होती. उशीर झाला तर? गाडी सुरूच नाही झाली तर? हे दगडोबाच्या ध्यानात आलं. तिचं मन रमावं म्हणून तो म्हणाला, "वर्षभर काय केलंस ते जरा आमाला तर सांग."

"पार्टीत पाच जण आहेत," कोमल म्हणाली. "प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदाच शेकहँड केला. तर एकूण शेकहँड किती?"

"वीस," हरिचंद लगेच बोलला. "पाच जण, एकेकाचे चार. सीधा हिशेब है."

"नाही काका, दहा. तुम्ही बाबांशी केला तोच बाबांनी तुमच्याशी केला. एका शेकहँडला हात दोन लागतात. म्हणून विसाचे निम्मे."

"मला न्हाई पटत."

"मग करून बघू. आपण पाचच आहोत."

पार्वतीबाई मागं सरल्या. "मी न्हाई गं माय. म्या म्हातारीनं काय शेकहँड करायचा?"

"आजी, अंधारात कोण बघून राहिलंय?"

सगळे हसले. पार्वतीबाईसुद्धा. कोमलनं सांगितलं, कोणी बोलायचं नाही, आपापले मोजायचे. आणि अंधारात चाचपडत सुरू झालं. आधी बाबांचा हात, गाठी पडलेला. मग काकणांचा आवाज, पार्वतीबाई. मग हरिचंदची जाड अंगठी. मग शेषराव, त्याच्या हाताला ऑईलचा वास. चार झाले. तेवढ्यात समोरून आणखी एक हात आला. हलवत राहायची सवय लागली होती हाताला. तिनं तोही घेतला.

"झालं?" तिनं विचारलं. "सांगा. हरिचंद काका?"

"पाच."

"चार असणार. कोणाशी दोनदा केला असेल."

"न्हाई बाई, बराबर मोजले. पाच."

"शेषरावदादा?"

"माझे बी पाचच भरले."

"आजी?"

"पाच," पार्वतीबाई म्हणाल्या. मग थांबल्या. "शेवटला हात कोनाचा व्हता? लई गार व्हता."

कोमलनं घाईनं शेवटचं नाव घेतलं.

"बाबा?"

दगडोबा म्हणाला, "पाच."

कोमलचे स्वतःचे पाच. ती उभ्या जागी हिशेब करायला लागली. भीती वाटली की पोरगी हिशेब करते, लहानपणापासूनची खोड. पाच जण, पाच पाच. पंचवीस हात. पण शेकहँडला दोन लागतात. पंचवीस हातांच्या जोड्या लागत नाहीत. एक तरी हात उरतोच. मोजण्यात चूक झाली म्हणावं, तर पाचही जणांची एकसारखीच कशी होईल? उरलेला हात कोणाच्या तरी हातात गेलाय. जो आकडा सांगत नाहीये... त्याच्या.

वारा पडला होता. थंड होत चाललेल्या इंजिनाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मग तीही थांबली.

आणि तेव्हा तिला कळलं, आपला उजवा हात अजून पुढंच आहे. खाली आलेला नाही. कोणीतरी धरलाय.

"बाबा..." ती हळू म्हणाली. "हात सोडा ना."

"मी हिकडं हाय, बाई." आवाज पाठीमागून आला. गाडीजवळून.

"शेषरावदादा?"

"मी बॉनेटपाशी."

हात गार होता. आवळून धरलेला नव्हता. फक्त धरलेला. वाट बघत असल्यासारखा.

तिनं डाव्या हातानं खिशातला मोबाईल काढला. बोट सरकेना. एकदा... दोनदा...

मग तो हात हलला. एकदा वर. एकदा खाली. पुरा झाला, तसा सुटला.

टॉर्च लागला. समोर रस्ता. रिकामा. मोरीचा कठडा. गाडीचं मागचं दार उघडं. कडेला पार्वतीबाई खाली बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून. हरिचंदच्या हातातली पिशवी पडली होती. दगडोबा धावत आला आणि त्यानं पोरीला कवेत घेतलं.

शेषरावनं तापल्या रेडिएटरमध्येच पाणी ओतलं. झाकण काढताना मनगट भाजलं, तरी थांबला नाही. गाडी दुसऱ्या दणक्याला सुरू झाली. निघताना सवयीनं तो म्हणाला, "बसले का सगळे?" म्हणाला आणि लगेच गिअर टाकला. मागं वळून बघायची हिंमत नव्हती. दगडोबानं मागचं दार आतून ओढून धरलं, ते हिंगोली येईपर्यंत सोडलं नाही.

पावणेएकला आत्याच्या घरी पोचले. कोमल रात्रभर लाईट चालू ठेवून बसली. पहाटे गाडी पकडली, पेपर दिला. पेपरात माणसं मोजायचा एक प्रश्न होता. तो येत होता. तरी तिनं सोडून दिला. निकाल लागला, तिचं नाव आलं. आता बंगळूरला शिकते. सुटीत घरी येते, सगळ्यांशी नीट बोलते, पण कोणी हात पुढं केला की दोन्ही हात जोडते. बापानंसुद्धा तिच्या उजव्या हाताला धरलेलं तिला चालत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी दोघं नांदेडहून परत निघाले, तेव्हा गाडीत दगडोबाला शेषरावचा फोन आला.

"दादा, पोरीचा पेपर झाला का?"

"झाला."

"एक इचारू? काल राती तुमच्या उजव्या हाताला काई लागलं व्हतं का?"

दगडोबानं कोमलकडं बघितलं. फोनमधला आवाज तिलाही ऐकू येत होता. ती खिडकीकडं तोंड करून बसली. आत्याकडच्या नळाखाली तिनं हात धरला होता, तेव्हा पाणी पांढरं होऊन खाली गेलं होतं. तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. दगडोबानंही आपल्या हाताचं सांगितलं नव्हतं.

"पार्वतीबाईच्या बी हाताला व्हतं," शेषराव म्हणाला. "हरिचंदच्या बी. माझ्या स्टेअरिंगवर अजून हाय. पुसलं न्हाई म्या."

"काय हाय?"

शेषरावनं आवाज खाली आणला.

"खडू हाय, दादा. फळ्यावर लिवताना मास्तरच्या हाताला लागतो, तसला."