तिसऱ्या दिवशीचा पाहुणा

नवापूरच्या स्टेशनावर दिवलीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो स्वतःच्याच ट्रंकेशी झगडत होता. गवताचा भारा विकून ती घरी निघाली होती.

"काय भरलंय यात, दगड?"

"पुस्तकं..." तो ओशाळून म्हणाला.

"मग दगडच बरे होते. निदान चूल तरी मांडता आली असती!"

तो हसला, आणि ट्रंकेचं दुसरं कडं आपल्या हातात कधी आलं ते दिवलीला कळलंच नाही.

तो दलपत, अक्कलकुव्याकडचा. चर्चचा पाळक व्हायला शिकत होता आणि सुट्टीत गावोगाव उपदेश करत फिरत होता. उतरायचं होतं तेही नेमकं तिच्याच घरी, कारण तिचा बाप रेवजी गावातल्या ख्रिस्ती मंडळीचा पुढारी. साल एकोणीसशे अठ्ठावन्न, भातकापणीचे दिवस. दोन दिवसांसाठी आलेल्या या पाहुण्याला अकरावा दिवस उजाडला, तरी त्याचा पाय निघेना. का निघेना, हे न कळण्याइतकी दिवली दूधखुळी नव्हती.

संध्याकाळी ओट्यावर बसून तो तिला आपली वही वाचून दाखवी. पहिल्या ख्रिस्ती लोकांची जुनी लिखाणं त्यानं मराठीत उतरवली होती — बायबलात न घेतलेली.

"घेतली नाहीत, तर वाचायची कशाला?"

"अगं, बायबल ते बायबलच. पण ही माणसं बघ ना... ना देऊळ, ना घंटा. घराघरांत जमायची, भाकर मोडायची, भांडायची, परत एक व्हायची. आपल्यासारखीच! ही लिखाणं नसती, तर त्यांच्या घरात आपल्याला कोण घेतं?"

बोलताना त्याचे डोळे असे चमकत, की दिवली ऐकायचं सोडून बघतच राही.

त्यातली एक जागा तिला फारच आवडली. फिरता उपदेशक आला, तर एक दिवस, फार तर दोन दिवस ठेवावा; तिसऱ्या दिवशीही राहिला, तर तो खोटा समजावा. आता अशी आयती संधी कोण सोडतं? त्याची खोडी काढायला तिनं ते ठळक अक्षरांत कागदावर उतरवलं. पण रेवजीची नजर अधू, रविवारचा पाठ दिवलीच त्याला मोठ्या अक्षरांत लिहून देई. त्या रविवारी सकाळी घाईत त्यानं नेमका हाच कागद उचलला.

भरल्या मंडळीत तो खड्या आवाजात वाचत गेला. "...तर तो खोटा समजावा." सगळ्या माना दलपतकडे वळल्या.

पाहुण्यांशी रेवजी घरची बोली सोडून बाजारातली अहिराणी बोले. "देवना शब्द शे, भाऊ," तो जड आवाजात म्हणाला. "तुले जानं पडी."

वही हातात घेऊन दलपत उठला. "काका, हे बायबलातलं नाही. माझ्या वहीतलं आहे."

"मंग खोटं शे?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं, तरी सुटला असता. पण नाही!

"खोटं कसं म्हणू? लिहिणाऱ्यानं माणूस ओळखला होता. देवाच्या नावावर फुकट जेवणारे त्यानं पाहिले होते. आणि मी अकरा दिवस जेवलोय... मी निघतो."

तो दाराकडे वळला. आता गप्प राहिलं तर सगळंच गेलं, हे दिवलीला कळलं. लाज सोडून ती बायकांमधून उठली.

"बाबा, पुढचं राहिलंय! मी अर्धंच लिहिलं होतं!"

दलपतच्या हातातली वही घेऊन तिनं मोठ्यानं वाचलं. आलेल्याला आपल्यातच राहायचं असेल, तर त्यानं काम करावं, स्वतःच्या कष्टाचं खावं... मग खुशाल राहावं.

मंडळीतली म्हातारी गंगीबाई सगळ्यांत आधी हसली. "लिखनारा शाना व्हता!"

रेवजीनं वही डोळ्यांजवळ धरली, बराच वेळ पाहिली. "बायबलमा नही, तरी कामनं शे." मग दलपतला विचारलं, "तुले इळा धरता येस का?"

"नाही, काका. शिकेन... कोणी शिकवलं तर."

"मी शिकवीन," दिवली म्हणाली. "पण वेळ लागेल, हात फार मऊ आहे त्याचा—"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. सगळी मंडळी खो खो हसत सुटली.

"अस्सं!" रेवजीनं हसू दाबलं. लग्नाआधी तीन रविवार मंडळीत नावं पुकारून हरकत विचारायची रीत होती. त्यानं तिथल्या तिथे दोघांची नावं पुकारली. "कोनी हरकत शे का?" कोणाचीच नव्हती. तो दलपतकडे वळला. "तुन्ही?"

दलपतनं दिवलीकडे पाहिलं. ती मान वर करीना.

"हरकत असती, काका, तर मी दुसऱ्याच दिवशी गेलो नसतो?"