शंभूच्या प्लास्टरवरचा तपास

अंगठ्याजवळ, निळ्या पेनानं : बोल्ट तुटलेला नाही!

"हलू नकोस रे! अक्षर वाकडं येतंय!"

"गुदगुल्या होतात!"

"प्लास्टरमधून? काहीही थापा!" क्रांती ओरडली.

सात वर्षांचा शंभूराज खिदळला. त्याच्या ताईला, सृष्टीला, मात्र हसू आलं नाही. चार दिवसांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्याच संध्याकाळी, नदीकडच्या बागेत मोठ्या झोपाळ्यावर तीच त्याला झोका देत होती. "अजून जोरात, ताई!" तो म्हणाला, तिनं जोर लावला, आणि वर गेलेल्या झोपाळ्याची एक साखळी सुटली. तो आवाज अजून तिच्या कानात होता. साखळीचा नव्हे, हाताचा.

तपासाचं सगळं प्लास्टरवरच लिहायचं, ही युक्ती सृष्टीच्या मैत्रिणीची, क्रांतीची. "वही मोठी माणसं उघडून बघतात. प्लास्टर कोण वाचतंय!"

कुणालनं खिशातून साखळीचा बोल्ट काढला. झोपाळ्याखालची वाळू चाळणीनं चाळून त्यानं तो शोधला होता. कुणाल एरवी सगळ्यांत बडबड्या, पण चार दिवस तो मोजकंच बोलत होता. बागेचे वॉचमन धोंडिराम हे त्याचे आजोबा. "झोपाळा न तपासल्याबद्दल" रविवारी बाग समिती त्यांना कामावरून काढणार होती.

"बघा. तुटला असता तर दोन तुकडे झाले असते. हा अख्खा आहे. आणि आटे बघा, कसे चकाकतायत! छोट्या झोपाळ्याचे बोल्ट गंजून लाल झालेत."

"म्हणजे हा रोज कुणीतरी काढतं आणि परत लावतं!" क्रांती किंचाळली. "पण कशाला?"

मनगटाच्या बाजूला, घाईत : वर पांढरे हात

झाडं छाटायची शिडी झोपाळ्याच्या खांबाला टेकवून कुणाल वर चढला.

"अगं, इथं आडव्या पाइपवर पांढरे ठसे आहेत! बोटांचे! खूप!"

"रंग?"

"नाही, पूड. खडूसारखी."

सृष्टीनं आपले तळवे बघितले.

तिच्या घरी, न्हाणीच्या वरच्या फळीवर, बिस्किटांचा एक जुना डबा होता. त्यात खडूची पूड भरलेली असे. ते खडू खलबत्त्यात कुटायचं काम सुट्टीत तिचंच. पूड आजोबांच्या पोरांसाठी. हाताला घाम आला तर बीम मारताना पकड सुटते, म्हणून. तिचे आजोबा, सुभेदार आकाराम, फौजेतून निवृत्त झाल्यापासून उंब्रजपासून मलकापूरपर्यंतच्या वीस पोरांची भरतीची तयारी फुकट करून घेत. आडव्या पाइपला लटकून शरीर वर खेचायचं, त्याला ही पोरं 'बीम मारणं' म्हणत.

आणि नातवाचा हात मोडल्यावर धोंडिरामवर सगळ्यांत मोठ्यानं गरजले होते तेही आजोबाच! "ड्यूटी म्हंजे ड्यूटी! कसूर केली तर माफी न्हाई!"

"कुणाचे असतील गं हात?" कुणालनं वरून विचारलं.

"काय माहीत," सृष्टी म्हणाली.

ती खोटं बोलली, आणि कुणालनं ते खरं मानलं. तेच जास्त टोचलं.

कोपराकडे : (कोरं)

संध्याकाळी ती एकटीच फाटकाशी गेली. धोंडिराम स्टुलावर बसून होते. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"धोंडिरामबाबा, पहाटे फाटक कोण उघडतं?"

"मी."

"तुम्ही आठला येता."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. मग नदीकडं. "एक किल्ली तुझ्या आज्यापाशी हाय. मीच दिली. समितीला ठावं न्हाई."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे! मग गप्प का बसलात?"

"पंधरा दिवसांवर भरती हाय, पोरी. बागंचं फाटक बंद झालं तर वीस पोरं कुठं जात्याल? त्यात दोन आमच्या गल्लीतली हायत." ते थांबले. "आन् साखळी कशी सुटली, ह्ये सुभेदारांना ठाऊक न्हाई. समजलं तर माणूस मोडंल गं. नातू हाय त्यांचा."

"आणि तुमचं काय?"

धोंडिराम चहावरची साय बोटानं बाजूला करत राहिले.

तळव्याच्या कडेला, बारीक अक्षरात : २ मिनिटं

रात्री तिला झोप आली नाही. उजाडल्या उजाडल्या तिनं दोघांना गाठून सगळं सांगितलं. कुणालचा चेहरा दगडासारखा झाला.

"तुला काल दुपारीच कळलं होतं."

"हो."

"माझे आजोबा कालपासून जेवले नाहीत, सृष्टी."

क्रांतीनं दोघांनाही दंडाला धरून बागेकडं ओढलं. "नंतर भांडा! आधी चला, सराव सुटायच्या आत!"

मेंदीच्या कुंपणाआडून त्यांनी पाहिलं. मोठ्या झोपाळ्याच्या पाइपला दोन फळ्या असत; सुटलेली फळी समितीनं नेली होती. दुसरी पोरांनी लटकायला जागा व्हावी म्हणून काढून बाजूला ठेवली होती. पाइपला लटकून पोरं घाम गाळत होती. आजोबा लांब, पळायच्या वाटेवर, गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच घेऊन उभे होते. तिथूनच त्यांनी आवाज दिला.

"सामान जागेवर! दो मिनिट! जो लेट, त्याला पाच चक्कर!"

शिट्टी वाजली. एक पोरगा दुसऱ्याच्या खांद्यावर चढला. कडी अडकवली, बोल्ट घातला, नट बोटांनीच गरागरा फिरवला आणि उडी मारली. पाना गवतात तसाच पडून होता.

"एक मिनिट पन्नास! शाब्बास!" आजोबा तिकडून ओरडले.

"पान्यानं आवळायला वेळच नाही उरत," कुणाल हळूच म्हणाला. "शिट्टी वाजते ना."

क्रांतीनं मोबाइल काढला. "शूटिंग करू?"

"नको," सृष्टी म्हणाली. "आजोबांनी ते मोबाइलवर बघायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं."

रविवार. प्लास्टरवर काही लिहिलं नाही, वेळच नव्हता.

समितीचे अध्यक्ष लालासाहेब बागेत, झोपाळ्याजवळ टेबलापाशी कागद घेऊन बसले होते. धोंडिराम समोर उभे. "सही करा आणि किल्ल्या द्या."

"थांबा!" सृष्टीचा आवाज चिरकला. "आधी एक प्रयोग!"

"हा काय पोरखेळ? बाजूला हो!"

"लालासाहेब, दोनच मिनिटं," आजोबा म्हणाले. नातीकडं त्यांनी कौतुकानं पाहिलं. तिला ते पाहवेना.

"आजोबा, स्टॉपवॉच लावा. उरलेली फळी आम्ही काढून ठेवलीय, कुणाल ती लावेल. सामान जागेवर, दो मिनिट!"

आजोबांचा हात शिट्टीपर्यंत जाता जाता क्षणभर अडखळला. तरी शिट्टी वाजली.

कुणाल शिडीवरून सरसर चढला. कडी, बोल्ट, नट, बोटांनी गरागरा. "झालं!"

"एक मिनिट चाळीस," आजोबा सवयीनं म्हणाले.

क्रांतीनं फळीवर शेणखताचं अर्धं पोतं बांधलं. सृष्टी झोका देऊ लागली. एक हात गळ्यात बांधलेला शंभू मोठ्यानं मोजत होता. "अकरा! बारा!" वीस झाले. काहीच होईना. लालासाहेब घड्याळ बघू लागले. सृष्टीनं अजून जोर लावला.

"एकतीस! बत्तीस!"

टिण्‌! नट वाळूत पडला. पुढच्याच झोक्याला बोल्ट सरकला, साखळी सुटली आणि पोतं लालासाहेबांच्या बुटांपाशी येऊन फुटलं!

"अरे देवा! माझे नवे बूट!"

कुणीही हसलं नाही. आजोबा त्या रिकाम्या कडीकडं बघत होते. मग आपल्या हातातल्या स्टॉपवॉचकडं. एवढा ताठ माणूस, पण वाळूत गुडघे टेकून त्यांनी नट उचलला.

"दोन मिनिटांची अट मी लावली," ते म्हणाले. "पाना कुणी फिरवला का, हे मी येऊन बघितलं न्हाई. एकदाबी न्हाई." ते धोंडिरामांकडं वळले. "आन् तुमी, समदं माहीत असून...?"

"आवं, जाऊ द्या की आता."

"न्हाई. ड्यूटी म्हंजे ड्यूटी. कसूर माझी हाय. लालासाहेब, पहाटं फाटक मीच उघडतो, ही घ्या किल्ली. कागदावर माझं नाव घाला."

लालासाहेबांनी बूट झटकत कागद फाडला. शेवटी असं ठरलं, की सराव चालू राहील, पण फाटक धोंडिरामच पहाटे येऊन उघडतील. आणि रोज बागेत आधी झोपाळा तपासला जाईल, मगच पोरं बसतील. "तपासायला हे तिघं," लालासाहेब म्हणाले. "आम्हा मोठ्यांपेक्षा यांचे डोळे चांगले आहेत. शाब्बास, पोरांनो!"

कुणालनं पाना उचलून सृष्टीच्या हातात दिला. मग तो तिच्याशेजारी उभा राहिला.

आजोबांनी शंभूला जवळ घेतलं. "पेन हाय का कुणाकडं?"

क्रांतीनं दिलं. कोपराकडच्या कोऱ्या जागेवर ते बराच वेळ लिहीत होते. ओळ तर एकच होती.

"काय लिहिलंय? मला दिसत नाहीये! ताई, वाच ना!"

सृष्टीनं त्याचा हात जपून उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"शंभू, तुझा हात माझ्या घाईनं मोडला. आजोबा."

शंभूनं जरा विचार केला.

"प्लास्टर कापतील तेव्हा एवढा तुकडा ठेवायचा का?"

"ठेवायचा," आजोबा म्हणाले. "माझ्याकडं."