शाईतली पांढरी रेघ

चिठ्ठी लिफ्टच्या आरशावर चिकटवली होती, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर.

'तळमजल्यावरच्या खोलीत कापड चोरीला जातं. सावध राहा.'

थोरलीने नखाने चिकटपट्टीचा कोपरा उचलला.

"फाडू नका हो," सोसायटीचे सेक्रेटरी मागून म्हणाले. "फाइलला लावायचीय. चौथी आहे ही."

"रात्री होती?"

"छे! झोपायच्या आधी मीच लिफ्टने वर गेलो. आरसा कोरा होता." त्यांनी आवाज खाली आणला. "टाकेमावशींना रविवारी खोली सोडायला सांगितलंय. माझं काही म्हणणं नाही, पण लोकांची तोंडं कोण धरणार? आता त्यांच्याकडे साधं फडकं टाकायलाही कोणी धजत नाही."

टाकेमावशी म्हणजे तळमजल्यावर शिवणयंत्र घेऊन बसणारी बाई. खोली सोसायटीची, राहणं तिथेच, पोट त्याच यंत्रावर.

"मला द्या. संध्याकाळी परत करते," थोरली म्हणाली.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांची अक्षरं निरखण्यात तिचा जन्म चालला होता. म्हणून तिला दिसलं ते सेक्रेटरींना दिसलं नव्हतं. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेखाली केसाएवढी पांढरी फट होती. मजकुरावरून कोणी सुरी ओढावी तशी.

लिफ्टचं दार बंद होता होता धाकटा भाऊ बॅग घेऊन आत घुसला. आठवडाभर कंपनीच्या कामासाठी परगावी होता, थेट बसमधून उतरून आलेला.

"ताई, सकाळी सकाळी आरशाशी भांडतेयस?"

तिने चिठ्ठी दाखवली. त्याने वाचली आणि त्याचं हसू मावळलं.

"मावशी? काहीतरीच. उरलेल्या चिंध्यासुद्धा बांधून परत देतात त्या."

*

बाबांना जाऊन दुसरा महिना लागला होता. त्यांच्या टेबलावरचा प्रिंटर थोरली आपल्या घरी न्यायला आली होती. बाकी कशावर तिने हक्क सांगितला नव्हता.

इतके दिवस बंद पडलेल्या प्रिंटरच्या हेडमधल्या बारीक छिद्रांत शाई वाळते, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. डिस्टिल्ड पाणी कोमट करायचं, टिश्यूची घडी भिजवून हेडखाली सरकवायची आणि थांबायचं. घाई करायची नाही, खरवडायचं तर मुळीच नाही. वाळलेली शाई आपली आपण सैल होते.

तिने गॅसवर पाणी ठेवलं. आई ओट्याशी भाजी चिरत होती.

"कशाला तो पसारा? भंगारात द्या," आई म्हणाली. "कितीही धुतलंस तरी अक्षरांची डोकी उडायची ती उडणारच."

"आई, प्रिंटर आहे तो. लढाईवर निघाल्यासारखी डोकी कसली उडवतेस?" धाकटा म्हणाला, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघरात कोणीतरी हसलं. आई हसली नाही.

धुण्याआधी कुठलं छिद्र तुंबलंय ते बघायचं, म्हणून थोरलीने तपासणीचं पान काढलं. बारीक रेघांचे छोटे छोटे जिने उमटले. निळा धड, लाल धड, पिवळा धड. काळ्या जिन्याची एक पायरी गायब होती.

ती पानाकडे बघत राहिली. मग संगणकावर चिठ्ठीतलंच वाक्य टाइप केलं, तेवढ्याच आकारात, पानाच्या तेवढ्याच वरच्या भागात. छापलं. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले.

फटीवर फट बसली.

ओल्या टिश्यूची घडी तिच्या हातात ठिबकत होती. ती हेडखाली गेली असती, तर रेघ गेली असती आणि रेघेबरोबर सगळंच गेलं असतं. कोणाला कधी कळलं नसतं. तिने घडी बशीत ठेवली आणि दोघांना हाक मारली.

"हा प्रिंटर शेवटचा कोणी लावला?"

"मी नाही," धाकटा म्हणाला. "मला वाटलं, सुकून खडखडीत झाला असेल."

"आई?"

"मी त्याला हातही लावत नाही. ते यंत्र त्यांचं." आईने काचेवरचे कागद पाहिले. "छापलं असेल त्यांनीच. गठ्ठा राहिला असेल कुठेतरी. चिकटवतंय दुसरंच कोणी."

बाबांनी? थोरलीचा विश्वास बसेना. पण मागोमाग तिला जरा हलकंही वाटलं. माणूस तर गेलाय, आता त्याचं काय बिघडणार? आपण हा विचार केला हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिचे कान तापले. तिने पायांत चपला सरकवल्या.

*

टाकेमावशी धाग्यांची रिळं खोक्यात भरत होत्या. शिवणयंत्रावर चादर पडली होती.

"बसा. खुर्ची बांधायचीय अजून."

"मावशी, बाबा तुमच्याकडे यायचे?"

मावशींचा हात थांबला. "यायचे."

"कशाला?"

"पँटी घेऊन. कमरेत आत घ्यायला."

"किती वेळा?"

"घेतली की पुन्हा सैल व्हायची. पहिल्याच वेळी त्यांनी सांगितलं मला. आजार कुठला, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. म्हणाले, वर कळू देऊ नका, पँट ढगळ दिसली की घरात रडारड सुरू होईल. मी गप्प बसले. बसायला नको होतं. तुम्हाला त्यांच्याजवळ चार दिवस जास्त मिळाले असते."

थोरलीने खोक्यातलं एक रीळ सरळ केलं. मग तिने विचारलं, "हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"तुमच्या आईंना. ते गेल्यावर मी भेटायला आले होते ना, तेव्हा सांगितलं. म्हटलं, बाईंना बरं वाटेल, माणूस शेवटपर्यंत त्यांना जपत होता." मावशी खिन्न हसल्या. "तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत त्या."

"बाबांनी तुम्हाला कधी काही छापून दिलं?"

मावशींनी भिंतीवरची जाहिरात काढली. 'शिवणकाम व दुरुस्ती करून मिळेल.' "दवाखान्यात गेले त्याच सकाळी देऊन गेले. म्हणाले, मजुरी तर तुम्ही घेत नाही, निदान हे घ्या."

थोरलीने जाहिरात दिव्याखाली धरली. अक्षरं काळीभोर होती. अखंड. एकही फट नाही.

*

"बाबांनी नाही छापलं," ती घरी येऊन म्हणाली. आई खुर्चीत बसली होती, धाकटा दाराला टेकून उभा होता.

"दवाखान्यात जायच्या दिवशी त्यांनी ही जाहिरात छापली. तिथून ते परत आलेच नाहीत. बघ, अक्षरं धड आहेत. म्हणजे तोवर हेड साफ होतं. ते नंतर तुंबलं, बिनवापराचं पडून. आणि चिठ्ठीवर फट आहे. म्हणजे चिठ्ठी बाबा गेल्यानंतरची."

"मग मी?" धाकट्याने विचारलं.

"तू काल रात्री बसमध्ये होतास. चिठ्ठी रात्रीतून लागली. घरात एकच माणूस होतं."

आईने जाहिरात तिच्या हातातून घेतली आणि पालथी ठेवली.

"आणि सकाळी मी प्रिंटर सुरूही केला नव्हता, तेव्हा तू म्हणालीस अक्षरांची डोकी उडणारच. सुकलेल्या प्रिंटरमधून पुसट येतं, रंग बिघडतो, नाहीतर काहीच येत नाही. डोकी उडतात हे ज्याने छापून पाहिलं त्यालाच ठाऊक. आयुष्यभर कचेरीत टायपिंग केलंस तू, आई. चार ओळी छापणं तुला जड नव्हतं."

"ताई, पुरे," धाकटा म्हणाला.

"मला फक्त एक कळत नव्हतं. का? ते खाली कळलं."

आईने पदराने तोंड पुसलं. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, हिशोब सांगावा तसा.

"त्या पँटी मी धुतल्या. मी इस्त्री केल्या. कमरेवरचे नवे टाके रोज माझ्या हाताखालून गेले. मला दिसले नाहीत. ती मला समजवायला आली आणि मला कळलं, माझा नवरा झिजत होता आणि मी त्याला विचारत होते, भाजीत मीठ कमी झालं का. जिन्यात ती दिसली की मला मीच दिसायचे. मला ती इथून जायला हवी होती."

धाकटा पाण्याचा पेला घेऊन आला.

"तुमच्या बाबांवर घाला," आई एकदम म्हणाली. "ते कुठे येणारेत नाही म्हणायला?"

"सकाळी मीही तेच करायला निघाले होते," थोरली म्हणाली. "आई, रविवारी ती बाई रस्त्यावर येतेय."

आईने पाण्याचा घोट घेऊन पेला खाली ठेवला. मग उठली.

*

मावशींच्या दारात दोन्ही मुलांसमोर आईने सगळं सांगितलं. मावशींनी मान वर केली नाही. एक रीळ उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"मी लिफ्टमध्ये चिठ्ठी लावते," आई म्हणाली. "माझ्या नावाने. माफीची."

"चिठ्ठ्या पुरे झाल्या, बाई." मावशींनी रीळ खोक्यात टाकलं. "मला नका सांगू. ज्यांनी ज्यांनी वाचल्या, त्यांना तोंडाने सांगा."

आईने मान हलवली. थोरलीने तिचा दंड धरायला हात पुढे केला. आईने तो बाजूला केला. "तू नको. तुम्ही दोघं इथे मावशींचं बांधलेलं सामान सोडा."

ती कठड्याला धरून जिना चढली. पहिलं दार सेक्रेटरींचं. घंटा वाजली, दार उघडलं.

"या या, वहिनी! आत या की, बसा."

"बसत नाही," आई उंबऱ्याबाहेरून म्हणाली. "त्या चारही चिठ्ठ्या मी लावल्या. मावशींनी कोणाचं काही चोरलेलं नाही. मी खोटं लिहिलं."

ते काय म्हणाले ते खाली ऐकू आलं नाही. ऐकू आली ती पुढच्या दाराची घंटा.