चेस्ट नंबर एक

त्या दिवशी डोंगरावर अठ्ठ्याऐंशी जण धावले. अठ्ठ्याऐंशी जण खाली आले. आणि एक जण अजून येतोय.

बरं, हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा.

कारण अशी कुठली स्पर्धा झालीच नाही. तसं आम्ही वनखात्याला लेखी दिलंय. खाली माझीही सही आहे. पूर्ण शुद्धीत केलेली.

पण जे झालंच नाही, ते शंभर टक्के खरं आहे. यात पदरचा एक शब्द घातलेला नाही. तारीख १२ जानेवारी २०२५, रविवार. जागा, शिरूर तालुक्यात कवठे येमाईच्या पलीकडचं वनखात्याचं डोंगररान. वेळ सकाळी सव्वानऊ.

हो, सकाळी. भुतं रात्री बाराची वेळ पाळतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आमच्याकडचे लोक माहीत नाहीत. आमच्याकडं कुणीच वेळ पाळत नाही.

माझं नाव रॉबिन. शिरूरला राहतो, कंपनीत शिफ्ट करतो आणि सुट्टीला डोंगरात पळतो. मागं कुणी लागलेलं नसताना माणूस का पळतो, हे आमच्या मम्मीला अजून समजलेलं नाही.

माझा मित्र पृथ्वीराज. त्याचे आजोबा सावळाराम आप्पा दोन वर्षांपूर्वी वारले. डोंगरावर नाही, अपघातात नाही. घरी, खाटेवर, चहा पिऊन. पृथ्वीराजनं ठरवलं, आप्पांच्या स्मरणार्थ चौदा किलोमीटरची डोंगररेस घ्यायची.

आता आप्पा जन्मात कधी पळाले नव्हते. शेजारच्या वावरातसुद्धा बुलेटवर जायचे. पण आमच्याकडं क्रिकेटपासून रक्तदानापर्यंत सगळं कुणाच्या तरी स्मरणार्थच होतं. त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही.

चूक पुढं झाली.

लग्नाची पहिली पत्रिका देवाला, तसा पहिला नंबर आप्पांना. पृथ्वीराजनं पळणाऱ्यांच्या यादीत एक नंबरला आप्पांचं नाव घातलं. वय एक्क्याऐंशी. रक्तगट बी पॉझिटिव्ह.

"अरे, ही पळणाऱ्यांची यादी हाय," मी म्हणालो.

"मग? मान नको का द्यायला?"

"मान फ्लेक्सवर दे की."

"फ्लेक्सवर दिलाय. यादीत बी दिला. तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय, हे तेव्हा माहीत नव्हतं.

सकाळी डोंगराखालच्या शाळेच्या मैदानावर प्लास्टिकची खुर्ची मांडली. खुर्चीवर आप्पांचा फोटो. फोटोला झेंडूचा हार. हाराखाली सेफ्टी पिनांनी लावलेला कागदाचा चेस्ट नंबर एक. नारळ फुटला, शिट्टी वाजली आणि अठ्ठ्याऐंशी जण डोंगराकडं सुटले.

मी सगळ्यांच्या मागं. कारण मी स्वीपर होतो.

स्वीपर म्हणजे शेवटच्या माणसाच्याही मागं राहणारा माणूस. वाट कळावी म्हणून झाडांना बांधलेल्या लाल रिबिनी तो काढत येतो. आणि त्याला नियम एकच. कुणालाही मागं सोडायचं नाही. मी गेलो की वाट बंद. माझ्यामागं जो राहिला, त्याला डोंगरात शोधणारं कुणी नाही.

नवव्या किलोमीटरला, खिंडीच्या उतारावर, माझी बहीण एंजल दगडावर बसलेली दिसली. दौंडला मावशीकडं राहून ती पोलीस भरतीची तयारी करते. मैदानी चाचणी महिन्यावर आली होती.

पाय मुरगळला होता. घोटा टोमॅटोसारखा.

"दादा, भरती गेली का रे माझी?"

"नाही गेली. गुन्हेगार हळू पळणारे पकड."

ती हसली नाही. तिचा हात खांद्यावर घेतला आणि निघालो. बाकीचे सगळे पुढं गेले होते. आमच्यामागं कुणीच नव्हतं.

धुकं अजून उठलं नव्हतं. दोन्ही बाजूंना सुबाभूळ आणि गिरिपुष्पाची दाट झाडी. मी चालता चालता रिबिनी सोडत होतो आणि पिशवीत टाकत होतो.

आधी झाडीत होले पक्षी घुमत होते.

मग ते थांबले.

आणि मागून आवाज आला…

करकर… करकर…

आम्ही थांबलो. आवाजही थांबला.

"दादा… बिबट्या?"

आमच्या भागात पहिली शंका हीच येते. मीही तीच घेतली. शिट्टी फुंकली, हातातली काठी दगडावर आपटली.

करकर…

आता मी आयुष्यात तीन बिबटे पाहिलेत. एकानंही वाहाणा घातल्या नव्हत्या.

"चल," मी म्हणालो.

दहा पावलं गेलो. सहज मागं वळून पाहिलं.

मघाशी ज्या झाडाची रिबीन मी स्वतःच्या हातानं सोडली होती, त्या झाडाला…

रिबीन होती.

त्याच्या मागच्या झाडालाही.

त्याच्याही मागच्या.

मी पिशवीत हात घातला. पिशवीत माझी पाण्याची बाटली होती. फक्त बाटली.

"तू बांधल्यास परत?" एंजलनं विचारलं.

"हो, मला छंद आहे."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

बाराव्या किलोमीटरला पाण्याचं शेवटचं टेबल होतं. तिथं कोंडिबा आबा बसले होते. त्यांचं वावर डोंगराच्या पायथ्यालाच आहे. बिबट्यानं गळा धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा, तोंडात तंबाखू. त्यांनी आम्हाला दोन ग्लास दिले. मग तिसरा भरला आणि टेबलाच्या कडेला ठेवला.

"आबा, आम्ही दोघंच आहोत."

"ह्यो मागल्याचा."

"कोण मागं?"

आबा माझ्या खांद्यावरून वाटेकडं बघत राहिले.

"सावळाराम आप्पा येत्यात न्हवं का? वाहाणा वाजत्यात की."

एंजलची नखं माझ्या खांद्यात रुतली.

"आबा… आप्पा गेले. दोन वर्षं झाली."

"मला काय सांगतोस? दहाव्याला म्या हुतो की. म्हून काय पाणी देऊ न्हाई?"

यावर तुमच्याकडं उत्तर असेल तर कळवा.

मी वळलो. धुक्यात रिबिनी दिसत होत्या. एकामागं एक, ओळीनं, वरपर्यंत. माणूस दिसत नव्हता.

आणि मला यादी आठवली. एक नंबर. वय एक्क्याऐंशी. बी पॉझिटिव्ह.

पळणाऱ्यांच्या यादीत जो आहे, तो माझ्या पुढं पाहिजे. नियम एकच आहे.

मी वाटेच्या कडेला सरलो. हाक मारली.

"आप्पा… तुम्ही पुढं व्हा. मी मागं राहतो."

मी काठीनं पुढची वाट दाखवली.

मग खोकला. जवळून. वीस फुटांवरून असेल.

आणि आवाज… दमलेला, पण घाई नसलेला.

"व्हा म्होरं. आलोच म्या."

लग्न असो, मयत असो, मतदान असो, आप्पा अख्ख्या गावाला हेच सांगायचे. आणि मग तासाभरानं यायचे.

"न्हाई आप्पा, तुम्ही आधी."

"व्हय रं, आलोच. व्हा तुम्ही."

"तसा नियम नाही आप्पा."

"हां हां. व्हा म्होरं."

हे किती वेळ चाललं, सांगता येत नाही. एका मेलेल्या माणसाबरोबर मी 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभा होतो आणि तो ऐकत नव्हता. जिवंतपणीही ऐकायचा नाही.

"दादा," एंजल हळूच म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. घोटा सुजून बुटाबाहेर आला होता. "मला खाली ने. आता ने. नाहीतर भरती राहू दे, पायच जाईल."

मागं यादीतला माणूस. खांद्यावर बहीण.

मी आबांकडं पाहिलं.

"तू जा पोरा. म्या हाय हितं," आबा म्हणाले. पण बोलता बोलता त्यांनीही टेबल उचलून डोक्यावर घेतलं आणि आमच्या पुढं चालायला लागले.

भरलेला ग्लास तेवढा त्यांनी दगडावर ठेवला.

शेवटचे दोन किलोमीटर मी एकदाही मागं बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. ऐकू येत होतं. आम्ही हळू झालो की ते हळू. आम्ही थांबलो की ते…

मैदानाच्या कडेला पोचलो तेव्हा आवाज थांबला. मैदानात आला नाही. शेवटच्या झाडापाशी थांबला.

एंजलला जीपमध्ये घालून दवाखान्यात पाठवलं. पृथ्वीराज कागद घेऊन आला. स्वीपरला शेवटी एक सही करावी लागते. कागदावर छापलेलं होतं, 'माझ्या मागे मार्गावर कोणीही राहिलेले नाही.'

"कर की सही. सगळे आले ना?"

मी खुर्चीकडं पाहिलं. फोटो होता. हार होता.

नंबर नव्हता. हाराखाली चार सेफ्टी पिना होत्या, लावलेल्याच. कागद मात्र गेलेला.

"वाऱ्यानं उडाला आसंल," पृथ्वीराज म्हणाला.

वारा नव्हता.

मी सही केली. का केली माहीत नाही. त्याला काय सांगणार होतो? तुझे आजोबा बाराव्या किलोमीटरला आहेत, येतीलच म्हणतायत?

तेवढ्यात वनखात्याची गाडी आली. परवानगी पृथ्वीराजनं काढलीच नव्हती. डोंगर आपलाच आहे, अशी त्याची समजूत. मग शाळेच्या व्हरांड्यात दुसरा कागद झाला. 'सदर ठिकाणी कोणतीही स्पर्धा झालेली नाही.' सगळ्यांनी सह्या केल्या. पळणाऱ्यांची यादी पृथ्वीराजनं तिथंच फाडली.

म्हणजे आप्पा स्पर्धेत जिंकले नाहीत, हरले नाहीत, बादही झाले नाहीत. त्यांचं नाव खोडायला यादीच उरली नाही.

एंजलचा पाय बरा झाला. चाचणीही झाली, पोरगी पास झाली. त्याबद्दल देवाचे आभार.

मी मात्र आता बाहेर कुठंच पळत नाही. निमोण्याच्या रस्त्याला पळून पाहिलं. दौंडच्या मैदानावर पाहिलं. चौथ्या-पाचव्या मिनिटाला मागून सुरू होतं… करकर… करकर… मी कडेला होतो, जागा देतो, विनवणी करतो. पुढं काही जात नाही.

शेवटी जिम लावली. ट्रेडमिलच्या मागं भिंत आहे, म्हणून.

परवा भिंतीतून खोकला आला.

पृथ्वीराजला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आप्पांनी मला कवाच आवाज दिला न्हाई रं." आणि रडला. म्हणून आता त्यालाही विचारत नाही. काल मीच अर्ज टाइप केला आणि वनखात्याच्या कचेरीत जाऊन आवक खिडकीत दिला. खिडकीतल्या मॅडमनी तो दोनदा वाचला. माझ्याकडं पाहिलं. मग माझ्यामागं पाहिलं. शिक्का मारला आणि खिडकी लावून घेतली. अर्जाचा मजकूर असा.

'प्रति, मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब. विषय : न झालेल्या स्पर्धेतील शेवटच्या स्पर्धकाबाबत. महोदय, चेस्ट क्रमांक १, वय ८१, हे दि. १२/०१/२०२५ पासून अर्जदाराच्या मागे असून वारंवार तोंडी विनंती करूनही पुढे जात नाहीत. तरी त्यांनी अर्जदाराच्या पुढे चालावे, असा लेखी आदेश त्यांच्यावर समक्ष बजावून त्यांची पोच घेण्यात यावी, ही नम्र विनंती.'