डाव्या दारातला खरखराट

काच चढवायचं हँडल अर्धं फिरलं आणि गाडीच्या दाराच्या पोटातून खर्रर्र असा आवाज आला. मामाने झटकन हात मागे घेतला.

“थोडं ग्रीस चोप आणि जोर लाव,” रंगारी काका म्हणाले. त्यांना कायमच कुठेतरी जायचं असे.

सुटीत मामाच्या गॅरेजवर आलेली तिन्ही भाचरं मघापासून चुळबुळत होती: चिमटी, तिचा मावसभाऊ लंबू आणि चिमटीचा धाकटा भाऊ शेंडेफळ. समोरची दोन दारांची जुनी गाडी डॉक्टरीणबाईंच्या वडिलांची. नवा रंग झाला होता आणि काचा वर-खाली करणारी यंत्रं आज पुन्हा दारांत बसत होती. उजवं दार झालं. डावं मात्र रुसलं होतं.

पाच वाजता बाई येणार होत्या. त्यांनी बजावलं होतं, “ही वाकदार काच आता कुठेच मिळत नाही. फुटली तर बाबांची गाडी कायमची अधू.”

मामाने चौथ्यांदा घड्याळ पाहिलं. “बरं, लावतो जोर.”

“थांब ना मामा,” चिमटी म्हणाली. “काचेवर ओरखडा आलाय. एकच, आणि अगदी सरळ. सकाळी नव्हता.”

“चिमटे, डोकं नको खाऊस.”

रंगारी काका बाह्या सरसावून पुढे झाले. तेवढ्यात लंबूने शेंडेफळाला कोपरखळी मारली. हँडलची खीळ अजून बसवलेली नव्हती. शेंडेफळाने ते उपसलं आणि टायरांच्या ढिगामागे धूम ठोकली. काका त्याच्यामागे, काकांच्या मागे मामा. आधीच उशीर झालेला, त्यात ही पळापळ!

“उरलेले स्क्रू बघ, पटकन,” चिमटी कुजबुजली.

लंबूने डबा हातावर पालथा केला. “एक लांब, एक आखूड.”

स्क्रू लावून बसवायचा आता डाव्या दाराचा हातटेकाच तेवढा राहिला होता. त्याला दोन लांब स्क्रू लागत. उजव्या दाराच्या वेळी तिनेच ते मामाच्या हातात दिले होते. मग आखूड उरलाच कसा?

“याच्या जागी लांब गेलाय कुठेतरी,” लंबू म्हणाला.

चिमटीने अजून आवरण न लावलेल्या दाराच्या भोकातून टॉर्च आत घातला. ओरखड्याच्या रेषेत, यंत्राच्या तिसऱ्या स्क्रूचं टोक काचेला टेकलं होतं. अजून एक जोराचा हिसका, आणि काच गेली असती.

शेंडेफळाला बखोटीला धरून मामा परतला. चिमटीने टॉर्च त्याच्या हातात दिला. मामाने आत पाहिलं. काचेला टेकलेलं स्क्रूचं टोक त्यालाही दिसलं.

“मी प्रत्येक जागेचे स्क्रू पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यात खोचून ठेवतो. या वेळी पुठ्ठा गेला कुठे?”

रंगारी काकांनी मान खाजवली. “रंग मारताना इकडेतिकडे उडू नये म्हणून आडोशाला घेतला होता. स्क्रू टाकले सगळे एका डब्यात. स्क्रूच तर आहेत, म्हटलं.”

“आणि मी तसेच उचलून लावले,” मामा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

लांब स्क्रू निघाला, आखूड बसला. शेंडेफळाने हँडल परत दिलं. काच वर गेली, खाली आली, कुरकुर नाही. तेवढ्यात गॅरेजच्या दारात डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. गाडी पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“झाली? बाबा सकाळपासून कपडे करून बसलेत.”

आता मामा गप्प राहील, असं चिमटीला वाटलं. काच चालत होती, ओरखडा बारीक होता. पण मामाने तो स्वतः बोटाने दाखवला.

“ही माझी चूक, बाई. घाईत चुकीचा स्क्रू लावला. या पोरांनी अडवलं नसतं तर आज तुमच्या हातात काचेचा चुरा दिला असता.”

बाईंनी ओरखड्यावरून नख फिरवलं. मग तिघांकडे पाहिलं. “शाबास रे. मोठ्या माणसांना अडवायला धीर लागतो. निघू मग?”

“अजून नाही,” मामा म्हणाला. त्याने उजव्या दाराचं पक्कं बसवलेलं आवरण उघडायला घेतलं. “यातलेही स्क्रू त्याच डब्यातले आहेत. चिमटे, टॉर्च धर. तू ठीक म्हणालीस की मगच गाडी बाहेर पडेल.”

डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि बाबांना फोन लावला.