अंगावर घातलेला टाका

ओसाईचा अख्खा हिवाळा तो डगला शिवण्यात गेला. नवरा तोमेझो जपानच्या एदो शहरातल्या आग विझवणाऱ्यांच्या टोळीत. त्याच्यासाठी तीन पदरी जाड सुती कापड, निळीत बुडवलेलं, आणि त्यावर तांदळाएवढे टाके, इतके दाट की तिच्या बोटाला घट्टा पडला. बाहेरून साधा निळा. आतून रंगवलेला भलामोठा ऑक्टोपस, पाय थेट बाह्यांमध्ये गेलेले. आगीत शिरताना चित्र आत ठेवायचं, आग विझली की डगला उलटा करून मिरवत यायचं, ही टोळीची रीत.

एका दुपारी आगीची घंटा वाजली. तोमेझोने घाईत डगला चढवला आणि काखेत शिवण टर्रकन उसवली.

"काढा, टाका घालते."

"अगं अंगावरच घाल! सगळे पोचतील आणि मी काय राख मोजायला जाऊ?"

तिने घातला.

"तीनदा 'काढला' म्हणालीस ना?" चुलीपाशी बसलेल्या सासूने विचारलं. अंगावर शिवायचं ते फक्त मेलेल्याला. जित्याला शिवायचं तर आधी कपडा काढल्याचं बोलून दाखवायचं.

ओसाईच्या दातांत दोरा होता. ती विसरली होती.

"हो आई," ती म्हणाली.

ऊन कलायच्या आत टोळी परतली. गल्लीतून पाठीवर वाघ चालले, ड्रॅगन चालले. सगळ्यात मागे तोमेझो, साधा निळा.

"काय रे, चित्र विकून दारू प्यालास काय?" कुणीतरी ओरडलं.

तो हसला नाही. घरात आला, दार लावलं. "ओसाई, हा निघत नाहीये."

तिला आधी गंमतच वाटली. ओला डगला चिकटणारच. तिने बाही ओढली. कॉलरखाली बोट घालून पाहिलं, नखसुद्धा शिरेना. मग कात्रीने दुपारचा टाका कापला. खाली दुसरा टाका होता. तो कापला. त्याच्याखाली आणखी एक. तिचा टाका डावीकडे कलतो. हे सरळ होते.

"आवळतोय गं," तोमेझो म्हणाला. त्याचे ओठ निळे पडत चालले होते. "आत काहीतरी सरकतंय."

ओसाईने कात्री खाली टाकली.

"आई, मी म्हणालेच नव्हते."

म्हातारीचा चेहरा उतरला. "मग आता म्हण, बये! लवकर!"

"काढला."

कॉलर सैल झाली.

"काढला."

बाह्या सुटल्या.

"काढला!"

डगला जमिनीवर गळून पडला.

तोमेझो मोकळा उभा होता. पोटावर हात मारून म्हणाला, "मेलो भुकेने! वाढ काहीतरी."

सासूने डोळे पुसत भात वाढला, मुळ्याचं लोणचं वाढलं. ओसाईने डगला दारातल्या बांबूवर वाळत घातला आणि नवऱ्याला अगदी खेटून बसली. तो जेवत होता, आगीच्या गप्पा मारत होता. तिने मायेने त्याच्या छातीवर हात ठेवला.

बराच वेळ ठेवला. त्याच्या श्वासाने हात वरखाली हललाच नाही.

दारात वारा नव्हता. बांबूवरचा ओला डगला खालीवर होत होता, धावून आलेल्या माणसासारखा.