श्वास कापलेला अल्बम

कात्री हे नाव त्याला स्टुडिओतल्या लोकांनी ठेवलं होतं, आणि त्याला ते आवडायचं. रेकॉर्ड झालेल्या गाण्यातला कचरा काढायचा, हे त्याचं काम. खुर्चीची कुरकुर, कागदाची सळसळ, गायकाने घशाखाली ढकललेली थुंकी. आणि श्वास. प्रत्येक ओळीआधी गायक श्वास घेतो आणि माइक तो चहाडखोरासारखा टिपून ठेवतो. कात्री तो इतक्या सफाईने उडवायचा, की गायकालाच वाटावं आपण जन्मल्यापासून न थांबता गातोय.

त्याची ताई गायिका होती, पण तसं म्हणायला घरातलंही कुणी धजत नसे. ती लिफ्टच्या दाराच्या खडखडाटावर गायची, बादलीत तोंड घालून गायची. एका गाण्यात तर तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसत्या उचक्या दिल्या होत्या. ते ऐकून आईने स्वयंपाकघरातून तिला पाण्याचा ग्लास आणून दिला. लोक ताईच्या गाण्यांना प्रायोगिक म्हणत, म्हणजे ऐकत नसत. तरी रेकॉर्ड कंपनीवाल्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तिच्या आजवरच्या गाण्यांचा एक निवडक अल्बम काढायचं ठरलं. नाव ‘आतापर्यंत’. अट एकच, जुनी गाणी जरा धुऊनपुसून द्यायची. बाई फार धापा टाकतात, असं त्याचं म्हणणं.

‘श्वास राहू दे रे,’ ताई म्हणाली. ‘ते माझेच आहेत.’

‘थुंकीपण तुझीच होती. ती काढली तेव्हा बोलली नाहीस.’

ती हसली, आणि कात्रीने एकूण एक श्वास काढला. एरवी तो तुकडे फेकून द्यायचा, हे मात्र फेकले नाहीत. एकापुढे एक चिकटवून एका फाइलमध्ये ठेवून दिले.

अल्बम बाजारात आला आणि अघटितच घडलं. तो लोकांना आवडला. ताईचं गाणं म्हणजे मांजरीचं बाळंतपण, असं पूर्वी लिहिणाऱ्या समीक्षकानेच आता लिहिलं की या आवाजाला तळ नाही. पुढे हेच गृहस्थ अल्बम ऐकत गाडी चालवताना सिग्नलला चक्कर येऊन हॉर्नवर डोकं टेकून पडले. मागच्या गाड्यांनी माणूस उद्धट आहे असं समजून त्यांना बराच वेळ शिव्या घातल्या. एका व्यायामशाळेत अल्बम लावला, तर भले भले पैलवान एकेक करून भिंतीला टेकून बसले. ऐकणारा गाण्याबरोबर नकळत श्वास रोखतो आणि मग तो घ्यायला जागाच सापडत नाही, असा कात्रीचा अंदाज. कंपनीवाल्याने ताबडतोब जाहिरात केली, ‘श्वास रोखून ऐका’. खप आणखी वाढला.

मग ताईच्या मुलाखती सुरू झाल्या. पहिल्या मुलाखतीला कात्री मागच्या रांगेत बसला होता. एकाने लहानपणाबद्दल विचारलं आणि ताई बोलू लागली. लहानपणावरून बादलीवर गेली, बादलीवरून मरणावर. पत्रकार खूश, लिहून घेताना त्यांचे हात दुखले. कात्रीचे कान मात्र सवयीने एक जागा शोधत होते, जी तो नेहमी कापायचा. वाक्यं संपत होती, नवी सुरू होत होती. ती जागा काही येत नव्हती.

परतताना टॅक्सीत ताईने त्याचा हात धरला.

‘तुलाही कळलं ना?’

‘काय?’

‘आत काहीच येत नाहीये रे.’

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, सरकवली, झटकली. मग स्वतःच्या छातीला लावून पाहिली, मग कात्रीच्या. शेवटी व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि ताईबरोबर फोटो काढून घेतला.

ताई दिवसेंदिवस कमी होत गेली. बारीक नाही, कमी. खांदे आत गेले, गाल आत गेले, चपला मोठ्या व्हायला लागल्या. बोललं की आतली हवा आणखी जाते, म्हणून तिने बोलणंच सोडलं. आईला वाटलं, प्रसिद्धी डोक्यात गेली. आता कशाला बोलेल ही आपल्याशी, असं ती भांडी आपटत भिंतीला सांगायची.

मग एका दुपारी कात्रीने तिला खुर्चीत बसवलं, दोन्ही बाजूंना स्पीकर ठेवले आणि ती फाइल लावली.

पहिला श्वास वाजला. ताईचे खांदे वर आले.

दुसरा. तिसरा. बादलीतला एक घुमला. गालांवर रंग चढला, नखं गुलाबी झाली. कात्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने फाइल थांबवली.

‘बरं वाटलं रे,’ ती म्हणाली. आवाज पूर्वीसारखा, भरलेला.

आणि मग, तोंड मिटलेलं असताना, ती हवा जाणाऱ्या फुग्यासारखी पुन्हा खाली बसत चालली.

समोरच्या खिडकीतून तिचंच गाणं येत होतं. कात्रीने धावत जाऊन खिडकी लावली. काही फरक पडला नाही. कुठे कुठे वाजत असेल ते, आता कसं सांगणार. आत घेतलेला तेवढा त्याच्याकडे होता. बाहेर सोडलेला श्वास म्हणजे तर गाणं, आणि ते लोकांनी विकत घेतलं होतं. ते वाजवतील तेवढा तो जाणार.

त्याने फाइल आपोआप वाजत राहील अशी लावून पाहिली. तिकडे लोक ऐकायचे थांबले असावेत, कारण ताईचे खांदे कानांपर्यंत गेले, कपाळाच्या शिरा फुगल्या, गळ्याचं बटण तुटून उडालं. त्याने घाईने बंद केली. हे हातानेच करावं लागणार होतं. तिच्याकडे बघत. ती खाली गेली की बटण दाबायचं, वर आली की थांबायचं.

खाली गेली. बटण.

खाली गेली. बटण.

आई फोन घेऊन दारात आली. भांडण विसरून तिचा चेहरा फुलला होता. कंपनीवाल्याने अभिनंदन सांगितलं होतं. उद्यापासून अल्बम सगळ्या दुकानांत, हॉटेलांत, लिफ्टमध्ये लावणार, दिवसरात्र.

‘ऐकलंस का गं?’ आई ताईला म्हणाली. ‘जगभर वाजणार म्हणे.’

ताई आईकडे बघत नव्हती. ती कात्रीच्या बोटाकडे बघत होती.

कात्रीला जांभई आली. त्याने ती अर्ध्यातच गिळली. पण तेवढ्यात ताईच्या बोटातली अंगठी आपसूक निसटली आणि फरशीवरून घरंगळत पलंगाखाली गेली.